हाज्जा सुर्राचा चेहरा

हाज्जा सुर्रा मंगळवारी सकाळी मेली. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं लोक म्हणतात. माझं उलटं होतं. त्या घरावर काळ सोकावला तर मी त्याला रोज दूधभाकर घालीन, असं मी सहा वर्षं मनात म्हणत आले होते. आणि ती काही परकी नव्हती, माझी सख्खी सासू होती. माझा नवरा इद्रीस जाऊन चोवीस वर्षं झाली, पण सासू काही नवऱ्याबरोबर जात नाही.

निरोप घेऊन माझी जाऊ अलविया आली. सहा वर्षांत तिनं माझ्या दाराकडे पाहिलं नव्हतं. रस्त्यात समोर आले तर अंगाभोवतीच्या तोबचं टोक तोंडावर ओढून पलीकडच्या कडेनं जायची. मी अंगणात ज्वारी पाखडत होते. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली की सासूबाई गेल्या, तुला बोलावलंय. कुणी बोलावलं म्हणून विचारलं, तर म्हणे म्हातारीनंच. शेवटचं बोलणं तेच. सित्तानानंच मला धुवावं, दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नये. सित्ताना म्हणजे मी. चार बायांसमोर बोलली होती, त्यात इमामाची बायको होती, त्यामुळे ते गिळून टाकायची सोय राहिली नव्हती.

"तू नाही म्हणालीस तरी चालेल," अलविया म्हणाली. मी नाही म्हणावं अशीच तिची इच्छा होती, ती काही लपत नव्हती.

मी सूप खाली ठेवलं आणि कापराची डबी आणायला आत गेले.

गावातल्या मेलेल्या बायांना शेवटची आंघोळ मी घालते. तीस वर्षं हेच काम. बोरीचा पाला कुटून पहिलं पाणी, मग साधं, मग कापराचं, मग कफन. एवढं कुणीही शिकेल. पण आमच्या गावात धुणारीचं खरं काम आंघोळीनंतर असतं. ती खोलीतून बाहेर येते, दारात थांबते आणि जमलेल्या बायांना सांगते, "चेहऱ्यावर नूर होता." एवढंच वाक्य. नूर म्हणजे अल्लाचं तेज. बाया ते बाप्यांच्या मांडवात पोचवतात, बाप्ये हात वर करून फातिहा म्हणतात. ते वाक्य आलं नाही, तर गाव काय समजायचं ते समजतं. चेहरा काळा पडला असणार, मान मक्केकडे वळत नसणार, बाईनं जन्मात काहीतरी करून ठेवलं असणार. हे एकदा चिकटलं की तीन पिढ्या सुटत नाही, नातींची लग्नं अडतात.

आता खरं सांगू का? तीस वर्षांत नूर मी एकदाही पाहिलेला नाही. काळा पडलेला चेहराही नाही. मेलेली माणसं दमलेली दिसतात, बाकी काही नाही. पण वाक्य मी प्रत्येकीसाठी म्हटलं आहे. शेजारणीच्या कोंबड्या चोरणारीसाठी म्हटलं, सावत्र पोरांना चटके देणारीसाठीसुद्धा म्हटलं. मागे राहिलेल्यांना ते द्यावं लागतं. फक्त एकीच्या वेळी ते ऐकायला दारात कुणी नव्हतं, आणि ती माझी पोर होती.

विजदान माझी एकुलती एक. खार्तूमला शिकली आणि गावात परत येऊन मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली. बाप गेला तेव्हा लहान होती. हसबोनं, म्हणजे माझ्या धाकट्या दिरानं, अलवियाच्या नवऱ्यानं, तिला खांद्यावर बसवून मोठं केलं, ते मी नाकारत नाही. तेलाचा घाणा त्याचा, घाण्याचे उंट त्याचे, मशिदीच्या पंचांत पहिला मान त्याचा. पोर त्याच्यावर जीव टाकायची. मग एका रमजानात ती भर दुपारी पाणी पिताना कुणाला तरी दिसली.

हसबोनं माझ्याकडे यायचं होतं. तिला दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तरी मी ब्र काढला नसता. पण त्यानं ईद होऊ दिली आणि तिला न्याहारीला बोलावलं. त्यानं नाही, आईकडून बोलावलं. हाज्जा सुर्रानं पहाटे उठून ज्वारीचा किसरा केला, नातीला आवडायचा तसा, कागदासारखा पातळ, आणि सांगावा धाडला की काका रुसलाय, ये आणि त्याचा रुसवा काढ. आजीनं बोलावल्यावर पोर कशाला थांबते.

जेवताना हसबोनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाळ, खरं सांग, मी रागावणार नाही. तू आपल्या धर्मात आहेस ना?"

माझी पोर गणितातली. तिला वाटायचं, प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं असतं. ती म्हणाली, "नाही काका. दोन वर्षं झाली. मला ते खरं वाटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी कुणाच्या अध्यात ना मध्यात."

चटईच्या पडद्यामागे त्यानं दोन साक्षीदार बसवून ठेवले होते. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केस विंचरायला आजी बसली होती.

तेव्हा कलम एकशे सव्वीस होतं. धर्म सोडला तर फाशी, पश्चात्ताप केला तर सुटका. साक्षीवरून तिला पकडलं आणि विचार करायला कोर्टानं तीन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी मी तुरुंगाच्या जाळीवर डोकं आपटून तिला विनवलं, कलमा म्हण, नुसत्या तोंडानं म्हण, मनाचं मन जाणे. ती बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, म्हणते मी. पण हे खोटं तुझं आहे, माझं नाही." आणि म्हणाली. त्यांनी सही घेतली आणि सोडलं.

सोडलं म्हणजे काय, जिवंत पुरलं. शाळेनं काढून टाकलं. नळावर तिची घागर कुणी लावू देईना. हसबोनं मशिदीत जाहीर केलं की हिचा पश्चात्ताप जिभेचा आहे, काळजाचा नाही. हिला सलाम करू नका, हिचा सलाम घेऊ नका. अकरा महिने ती घरात बसून राहिली. मग तिला मलेरिया झाला आणि तो डोक्यात गेला. दुपारी मी रस्त्याच्या मधोमध उभं राहून तीन रिक्षा अडवल्या. तिघेही ओळखीचे, दोघांच्या आयांना मीच शेवटचं न्हाऊ घातलेलं. तिघांनीही मान खाली घालून गाडी बाजूनं काढली. दिवस कलायच्या आत विजदान गेली.

मी तिला धुतलं आणि दारात आले. दारात कुणी नव्हतं. वाक्य तोंडात होतं, ते तोंडातच राहिलं. कब्रस्तानाच्या फाटकात हसबो उभा होता म्हणे. मुसलमानांच्या मातीत ही येणार नाही, हिच्यावर नमाज पढणं हराम आहे, असं त्यानं सगळ्यांना बजावलं होतं. शेवटी नदीकाठच्या वीटभट्टीवरचा मजूर कोमी आला. नुबा डोंगराकडचा, गळ्यात क्रूस घालणारा. त्यानं आणि त्याच्या दोन भावांनी भट्टीमागं खड्डा खणला. तो मला म्हणाला, मावशी, आम्हाला तुमची प्रार्थना येत नाही, आमची म्हणू का? मी म्हटलं, म्हण बाबा, जी येते ती म्हण.

पण नदी आमची खादाड. दर ऑगस्टात पूर येतो आणि काठ ढासळत जातो. पहिल्या वर्षी मी कबरीपासून कडेपर्यंत पावलं मोजली, साठ भरली. गेल्या पुरानंतर मोजली, नऊ. त्या एका पुरानं चौदा पावलं नेली होती. हिशेब मलाही येतो. पुढच्या पुरात माझी पोर वाहून जाणार होती, तिची हाडं खाली कुठंतरी माशांच्या जाळ्यात लागणार होती.

तोवर कायदाही गेला होता. खार्तूममध्ये ते कलम काढून टाकलं, रेडिओवर सांगितलं. मी पदर पसरून हसबोच्या घाण्यावर गेले. म्हटलं, भावजी, आता तर सरकारच म्हणतं गुन्हा नाही. तिला बापाशेजारी जागा द्या, नाहीतर नदी नेईल. तो उंटाला पेंड घालत होता. वळलासुद्धा नाही. म्हणाला, "कायदा माणसांनी काढलाय, वहिनी. आणि नदी नेते तर नेऊ दे. नदी कुणाचा धर्म विचारत नाही. तुमच्या लेकीला तेच हवं होतं ना?"

घाण्यावरची माणसं हसली. मी घरी आले, जेवले, झोपले. रडले नाही. त्या दिवसापासून मी फक्त वाट बघत होते, कशाची ते मलाही ठाऊक नव्हतं.

आणि आता जून चालू होता, आणि म्हातारीनं मलाच बोलावलं होतं.

हसबोच्या अंगणात मांडव पडला होता. अतबाराहून माणसं आली होती, खार्तूमचे कुणी मोठे शेख वाटेत होते. ऊन असं की बाज अंगणात ठेवली तर लाकूड चटका देईल; जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाआधी दफन उरकायलाच हवं होतं. मी आत गेले तेव्हा बाया दोन्हीकडे सरकल्या, जसं पाण्यात दगड टाकल्यावर पाणी सरकतं. पाणी भरून द्यायला दोघी घेतल्या, त्या आमच्यात मयताकडे पाठ करूनच बसतात, आणि दार लावलं.

म्हातारीला धुताना मी तिला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. मनातच बोलले. पण हात नीट चालले. हातांना राग कळत नाही, त्यांना सवय कळते. तिच्या नखांखाली पीठ होतं. मरायच्या आदल्या दिवसापर्यंत तव्यापाशी बसत होती. ते पीठ मी काडीनं काढलं, एकेक नख. मध्येच मनात आलं, हिनं मला का बोलावलं असेल? माफी मागायची असेल तर जिवंतपणी मागायची होती, माझं दार दोनशे पावलांवर होतं. सहा वर्षांत तिचे पाय बाजारापर्यंत जायचे, मशिदीपर्यंत जायचे, माझ्यापर्यंत तेवढे दुखायचे. मी तिसरं पाणी घातलं, कफन बांधलं, चेहऱ्यावरचं कापड ओढलं आणि दोघींना कापूर जाळायला बाहेर पाठवलं. आणि बसून राहिले.

दाराशी खोकल्याचा आवाज झाला. हसबो पडद्याबाहेर उभा होता.

"वहिनी, झालं का? लोक खोळंबलेत."

"झालं."

"मग बाहेर येऊन सांगा की."

"काय सांगू?"

"जे सांगतात ते."

मी म्हटलं, "भावजी, तुम्ही मुलगा आहात, तुमचा हक्क आहे. पडदा सारा आणि आत या. कापड बाजूला करून स्वतः बघा."

त्याचा हात पडद्यावर आला, मला बोटं दिसली. पण पडदा हलला नाही. आईचा चेहरा बघायची त्याची छाती होईना. तेव्हा मला कळलं की घोडं कुठं अडलंय. आईनं त्या न्याहारीला काय केलं ते त्यालाही आठवत होतं, आणि ते अल्लाला कसं वाटलं असेल याची त्याला खात्री नव्हती.

"कसा आहे?" त्यानं विचारलं. आवाज खाली आला होता.

मी कापराच्या डबीचं झाकण लावलं.

"वहिनी, कसा आहे चेहरा?"

"माझ्या पोरीला आज इद्रीसच्या शेजारी खड्डा पाहिजे," मी म्हटलं. "तुम्ही खणायचा, स्वतःच्या हातानं. भट्टीवरून बाज तुम्ही खांद्यावर आणायची. नमाज तुम्ही पढायची. आणि आत्ता, म्हातारीची बाज उचलायच्या आधी, मांडवात उभं राहून सांगायचं की विजदान मुसलमान म्हणून मेली आणि तुमची साक्ष चुकीची होती. ती मातीत गेली की मी तोंड उघडेन. तोवर नाही."

तो हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही. म्हणाला, वेड लागलंय का, तिच्यावर नमाज हराम आहे हे मीच सांगितलंय, मशिदीत मिंबरासमोर उभं राहून. मी म्हटलं, मग तिथंच उभं राहून चुकलो म्हणा. त्यावर तो पडद्याला तोंड लावून कुजबुजला, "मी खोटं नव्हतो बोललो. तिनं सांगितलं, मी माझ्या कानांनी ऐकलं."

"ठाऊक आहे."

"मग आता खोटं बोलू? आईच्या मयतीवर, अल्लाचं नाव घेऊन? तिकडे गेल्यावर काय तोंड दाखवू?"

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं.

एक गोष्ट मी मान्य करते. हसबो ढोंगी नव्हता. ढोंगी असता तर माझं काम झालंच नसतं. ढोंग्याला एक खोटं काय नि दहा काय. तो मनापासून मानायचा. माझ्या पोरीला त्यानं मनापासून मारलं होतं. म्हणून तर त्याला जिथं लागेल तिथं माझा हात पोचत होता. सहा वर्षांपूर्वी तो खरं बोलला आणि मी त्याला आता त्याच्याच देवासमोर खोटं बोलायला लावत होते. मला गुदगुल्या होत होत्या, लाज कशाला वाटेल.

बाहेर बाया कुजबुजायला लागल्या होत्या. दार उघडायला एवढा वेळ का, असं कुणीतरी मोठ्यानं विचारलं. ते त्यानंही ऐकलं. मला त्याची पावलं मांडवाकडे जाताना ऐकू आली.

मी खिडकीच्या फटीतून बघत होते. तो मधोमध उभा राहिला. तीनएकशे माणसं असतील. त्यानं हात वर केले, खाली घेतले, पुन्हा वर केले. मग म्हणाला, "माझ्या भावाची मुलगी विजदान मुसलमान म्हणून मेली. माझी साक्ष चुकली. अल्ला मला माफ करो." त्याच्यामागं ते दोन साक्षीदार बसले होते. ते एकमेकांकडे बघायला लागले, कारण त्यांची साक्षही त्याच्याबरोबर चुकली होती, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.  मग इमाम उठला. तो म्हातारा, भांडणाला भिणारा. त्यानं सांगितलं की नदीचा धोका असेल तर कबर हलवायला मुभा आहे, आणि आज खणणारे हात जमलेलेच आहेत.

मी दार उघडलं. बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी ओठ घट्ट मिटून त्यांच्यामधून चालत गेले. अलवियानं माझा तोब धरला, म्हणाली, "अगं, बोल ना." मी म्हटलं, माझी पोर आधी. बाज तशीच उचलली गेली, वाक्याशिवाय. आमच्या गावात असं कधी झालं नव्हतं. दफनाला गेलेल्या बाप्यांच्या पाठी सांगत होत्या की त्यांनी ते टिपलंय.

म्हातारीला माती दिली, आणि तिथंच हसबोनं कुदळ घेतली. आमच्यात बाया कबरीपाशी जात नाहीत. मी कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभी राहिले आणि वरून बघितलं. पन्नाशीचा माणूस, अंगातला पांढरा शुभ्र जल्लाबिया, पायघोळ झगा, मातीनं भरलेला, पगडी सुटलेली. लोक हात लावायला पुढे झाले की तो नको म्हणायचा. मी भिंतीपलीकडे आहे हे त्याला ठाऊक होतं. जमीन जूनची, दगडासारखी. त्याच्या तळहातांचे फोड फुटले तेव्हा त्यानं ते जल्लाबियाला पुसले. मला पाणी प्यावंसं वाटलं नाही, सावलीत जावंसं वाटलं नाही. असा दिवस पुन्हा थोडाच येणार होता.

भट्टीवर कोमीनं खड्डा उघडला. आत मी उतरले. पाच वर्षांनी जे उरतं ते उरलं होतं. मी ते माझ्या हातानं गोळा करून नव्या कापडात बांधलं. वेणी तशीच होती. तिथं मात्र मला थोडं बसावं लागलं.

बाज हसबोनं खांद्यावर घेतली. वजन काहीच नव्हतं, पण तो दोनदा अडखळला. त्याचे ओठ सारखे हलत होते. त्यानं नमाज पढवली, मागे चार ओळी उभ्या होत्या, त्यात ते रिक्षावालेही होते. मी भिंतीबाहेर उभी राहून ऐकलं. विजदान असती तर माझ्यावर भडकली असती. आई, तू पुन्हा तेच केलंस, म्हणाली असती. मला जे खरं वाटत होतं तेवढं एकच माझं होतं, ते तू यांच्याकडून पुसून घेतलंस. तिचं बरोबर आहे. पण ती तिकडे आहे आणि आई इकडे आहे, आणि इकडे नदी नऊ पावलांवर होती. मी चूक असेन तर असेन. पोर बापाशेजारी गेली.

उन्हं उतरल्यावर हसबो बायकांच्या चटईपाशी आला. बाप्ये तिथं येत नाहीत, पण तो आला. हाताला चिंध्या बांधलेल्या.  इमामाची बायको होती, अलविया होती, लग्नाच्या वयाच्या तिच्या दोन पोरी होत्या.

"वहिनी," तो म्हणाला, "झालं तुमचं. आता सांगा."

मी उठून उभी राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी हाज्जा सुर्राला तीन पाणी घातलं. जे दिसलं ते मी झाकलं. धुणारीनं झाकायचंच असतं."

या वाक्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. पुस्तकात हेच लिहिलंय, धुणारीनं मेलेल्याचं गुपित राखावं. आणि आमच्या गावात त्याचा अर्थ काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. इमामाच्या बायकोनं डोळे खाली घातले. एक म्हातारी "अल्ला, अल्ला" करत उठली आणि चपला शोधायला लागली. अलवियाच्या थोरल्या पोरीनं आईचा हात धरला.

हसबो म्हणाला, "तुम्ही शब्द दिला होता."

"तोंड उघडेन म्हटलं होतं," मी म्हणाले. "उघडलं."

त्या ऑगस्टात नदीनं भट्टीची अख्खी कड नेली. जिथं माझी पोर होती तिथं आता पाणी आहे, मी जाऊन बघून आले. मला आता कुणी मयताला बोलावत नाही. शेजारच्या गावची एक बाई येते. ती चांगली आहे, हात हलका आहे, आणि प्रत्येकीसाठी नूर होता म्हणते. अलवियाच्या थोरलीचं ठरलेलं मोडलं. त्याचं मला वाईट वाटतं असं म्हटलं तर खोटं होईल, आणि वाटत नाही म्हटलं तरी होईल.

हसबोनं पंचातली जागा सोडली. घाणा त्याचा भाचा बघतो. आईच्या नावानं त्यानं किती कुराणं वाचून घेतली, किती बकरे कापून वाटले, त्याला सुमार नाही. हिवाळ्यात एका शुक्रवारी तो माझ्या दारी आला. एकटाच. उंबऱ्याबाहेर उन्हात जमिनीवर बसला. पार वाळून गेला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमच्या पोरीसाठी मी अल्लासमोर खोटं बोललो. त्याचं उत्तर मला द्यायचंच आहे, ते मी देईन. पण आईचं तेवढं सांगा. कुणाला सांगणार नाही. चांगला असेल तर चांगला, वाईट असेल तर वाईट. कसा होता चेहरा? मला झोप येत नाही."

त्याचा चेहरा बघून मला कळलं, हा खरंच विचारतोय. त्या दिवशी पडदा सारायला त्याला एक पाऊल टाकावं लागलं असतं. हाज्जा सुर्राचा चेहरा दुपारी आडव्या झालेल्या कुठल्याही म्हातारीसारखा होता. तोंड थोडं उघडं, दात नाहीत, कपाळाच्या आठ्या सुटलेल्या. शांत होता. मला सांगायला चार शब्द पुरले असते आणि ते खरे असते.

मी विचारलं, "भावजी, चहा घेणार?"

तो नको म्हणाला. बराच वेळ बसला, मग काठी टेकत उठून गेला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा आला. आता दर शुक्रवारी येतो, तिथंच बसतो, तेच विचारतो. मी चहा विचारते.